त्रेचाळीस दात

साहेब, आमची जेट्टी तुम्ही दाबून ठेवलीत.

नाव घेत नाही. घेतलं की म्हणाल, ते खातं माझं नव्हे. पण फाईल कुणाच्या कपाटात आहे, ते सगळ्या वरोर गावाला ठाऊक आहे. सहा वर्षं झाली. दोनदा मोजणी झाली, एकदा नारळ फुटला, जेट्टी नाही. म्हणून मला गाळात जीप घालावी लागते. म्हणून माझ्या बाबांचा पाय मोडला. आणि म्हणूनच... अमृत मला भेटला. तेव्हा ही प्रेमकथा आहे, आणि तुम्ही तिच्यात आहात. वाचा.

आमच्याकडे ओहोटीला समुद्र दीड किलोमीटर मागे जातो. भरतीला बोट आत आणावी तर खडकांची रांग आडवी, बूड फुटतं. त्यामुळे बोट बाहेरच उभी राहते, आणि मासळी नि माणसं गाळातून आणायची. गेल्या वर्षी आमची जुनी फोर-व्हील जीप एक्सलपर्यंत रुतली. बाबा ढकलायला उतरले, चाक घसरलं, पाय खाली आला. तेवढ्यात भरती फिरली. पाणी माझ्या कमरेला होतं, आणि खाली अडकून बसलेल्या बाबांच्या हनुवटीला. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून उभी होते. होड्या घेऊन माणसं आली म्हणून वाचलो.

तेव्हापासून चाकाखाली गाळ चपचपला की माझा एक हात दाराच्या कडीवर जातो. पण जायचं कुणी? बाबांचे हात सुकाणूवर अजून चालतात, पाय गाळात चालत नाही. त्यांना आणायला मीच.

म्हणून मी वापीला जाऊन मोठे टायर बसवून घेतले. उंच, रुंद. आता रुतायची नाही, असं वाटलं. आणि परत येताना तलासरीच्या पुलाच्या चढावर गाडी मेली.

मेली म्हणजे – इंजिन चालू, पण ओढ नाही. क्लच जळल्याचा वास. मागे ट्रक हॉर्न मारतोय, आणि जीप हळूहळू मागे सरकतेय. ब्रेकवर उभी राहिले तरी सरकतेय! मी डोळे मिटले...

गाडी थांबली. डोळे उघडले तर एकजण मागच्या चाकाखाली दगड सरकवून उभा होता. ग्रीसने काळे हात, कपाळावर घाम, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"टायर नवे दिसतात, ताई."

"मग?"

"टायर बदलले. आतले दात कोण बदलणार?"

"माझे दात शाबूत आहेत. तुझे सांभाळ."

तो मोठ्याने हसला. उतरताना मी दाराला धरून राहिले, ते त्याने पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. ते मला आवडलं. आधी नाही आवडलं, नंतर आवडलं.

तो अमृत. झरीचा, गुजरातच्या वेशीवरचा; बोलण्यात गुजराती डोकावायची. हायवेलगत पत्र्याची शेड, तेच गॅरेज. चहा मागवला, माझं नाव विचारलं आणि जमिनीवर खिळ्याने गोल काढून मला शिकवायला बसला.

"चाक मोठं झालं की एका फेरीत वाट जास्त कापायची. इंजिन तेवढंच. मग त्याला ओढवत नाही. एक्सलच्या मधल्या गोळ्यात हे दोन गिअर असतात – छोटा पिनियन, मोठा क्राउन. तुमच्या क्राउनला दात एकोणचाळीस. त्रेचाळीसचा सेट टाकला की गाडी सावकाश चालेल, पण जोराने ओढेल. मागच्या एक्सलला एक, पुढच्याला एक. दोन्हीकडे सारखेच पाहिजेत, बरोबर ने, ताई?"

"ताई म्हणू नकोस."

"मग रुपलबेन?"

"बेन तर मुळीच नको."

"मग काय म्हणू?"

"आधी गाडी नीट कर. मग ठरवू."

त्या दिवशी त्याने क्लच आवळून दिला, कशीबशी घरी पोचले. आठवड्याने तो मोटरसायकलवर हत्यारांची पिशवी बांधून वरोरला आला. भंगारात मागच्या एक्सलचा सेट मिळाला होता, पुढचा शोधत होता. आमच्या अंगणात, वाळत्या बोंबलांच्या खाली, त्याने एक्सल उघडला. काम बघत राहावं असं. बेअरिंग बसवायचं, मोजायचं, काढायचं, पुन्हा बसवायचं. पत्र्याची पातळ चकती आत घालायची, परत मोजायचं. शेवटी तो उठून पिशवी धुंडाळायला लागला.

"रंग विसरलो. दातांना लावून फिरवून बघावं लागतं. ठसा दाताच्या मधोमध पडला पाहिजे, नाहीतर गिअर ओरडत ओरडत मरतो."

मी घरात गेले, वाटीत तेलात हळद कालवून आणली. "ही चालेल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग वाटीकडे. वाटी घेताना बोटाला बोट लागलं, आणि ते त्याने उगीच... जरा जास्त वेळ लागू दिलं.

खाटेवरून बाबा ओरडले, "अरे, पिनियनला हळद लागली! वरात कधी?"

ठसा बरोबर मधोमध पडला. अमृत लहान पोरासारखा हसला. जाताना मात्र हसू पुसून त्याने फोर-व्हीलचा छोटा दांडा सुतळीने बांधून टाकला.

"पुढचे दात बदलेपर्यंत हा ओढायचा नाही. मागची चाकं एका हिशेबाने फिरणार, पुढची दुसऱ्या. मधला डबा फुटेल. काही झालं तरी नाही. कबूल?"

"ही गाठ? हिच्यातून बांगडासुद्धा सुटेल." मी ती सोडली आणि जाळ्याच्या दोऱ्याने माझी बांधली. "आता कबूल."

मग तो येत राहिला. आज नट आवळायला, उद्या ऑइल बघायला. "पुढचा सेट मिळाला का?" मी दर वेळी विचारायचे. "बघतोय," म्हणायचा, आणि नजर चपलेकडे. मला वाटायचं, बिचारा किती शोधतोय! एकीकडे तो यावा असं वाटायचं, दुसरीकडे गाळात उतरताना वाटायचं, ही अर्धी गाडी मला कधीतरी बुडवणार.

पौर्णिमेनंतरची बीज. उधाणाचे दिवस. सकाळी सातला बाबांना आणायला निघाले तर अमृत बाजूच्या सीटवर येऊन बसला.

"तू कुठे?"

"मी बनवलेल्या गाडीत मी बसायला नको?"

"पोहता येतं?"

"झरीत कुठला समुद्र..."

"मग उतर."

नाही उतरला. समोरचा गज दोन्ही हातांनी धरून बसला. बोटं पांढरी पडलेली, आणि वर मला धीर देतोय, "घाबरू नकोस हं."

बोटीवर उशीर झाला. जाळं खडकात अडकलं होतं. बाबा आणि चार क्रेट मागे चढेपर्यंत नऊ वाजत आले. वारा बदलला, ओठांना खारट लागला. मी मागे पाहिलं नाही. आमच्याकडे भरती मागून येत नाही, साहेब. बाजूच्या घळीतून येते. आधी किनारा आणि आपल्या मधली वाट भरते, मग आपल्याकडे वळते. तुम्ही कधी आला असतात तर कळलं असतं.

घळीत पाणी आलं होतं. अर्धं चाक बुडेल इतकं. मी घातली गाडी. मधोमध मागची चाकं सरकली... आणि ते चपचपणं ऐकू आलं. तेच.

रेसवरचा माझा पाय आपोआप पूर्ण खाली गेला. इंजिन किंचाळलं, चाकं गरगर फिरली, गाळ काचेवर उडाला. गाडी वीतभर खाली बसली. पाणी दाराच्या फटीतून आत आलं, माझ्या पावलांवर, गार. मला बाबांची हनुवटी दिसायला लागली. हात दांड्यावरच्या गाठीकडे गेला.

"नको!" अमृतने माझा हात धरला. "रुपल... मला एक सांगायचंय. मरायच्या आधी सांगतो."

"आत्ता?"

"पुढचा सेट मिळालाय."

"कधी?"

"नऊ दिवस झाले. शेडमध्ये आहे. गोणपाटात गुंडाळून ठेवलाय."

पाणी चढत होतं. मला ते क्षणभर दिसेनासं झालं.

"नऊ दिवस? चार वेळा मी या गाळात उतरले, अमृत! आणि तू तो दाबून बसलास?"

"काम संपलं असतं तर... मी कशाला आलो असतो तुझ्याकडे? काय सांगून आलो असतो?"

"तोंड नव्हतं तुला?"

"भीती वाटली. या पाण्याची वाटतेय त्याहून जास्त."

मागून बाबा ओरडले, "अरे, पाणी माझ्या क्रेटला लागलं! लग्न करा नाहीतर मारामारी करा, पण किनाऱ्यावर करा!"

अमृतने श्वास घेतला. आवाज एकदम गॅरेजमधला झाला. "दांडा सोड. पहिला गिअर टाक. आता क्लच पूर्ण सोड... आणि पाय वर घे. रेसवरून काढ."

"काढू? वेडा आहेस?"

"तू रेस देतेस तेवढी ती खड्डा खणतेय. आता दात त्रेचाळीस आहेत. तिला तुझा पाय नको. तिची ती चालेल. ठसा आपण दोघांनी बघितलाय, रुपल. मधोमध होता."

भीतीत माणसाचा पाय खाली दाबला जातो. वर घेणं... ते मला आयुष्यात सगळ्यात अवघड गेलं. डोळ्यांत पाणी, दातावर दात. घेतला वर.

इंजिन खाली आलं. धुग, धुग, धुग. काही झालं नाही. एक क्षण, दोन... पाणी पोटऱ्यांना लागलं. मग गाडीने अंग झाडल्यासारखं केलं. एक इंच. मग अजून एक. चाकं फिरत नव्हती, चालत होती, म्हातारी काठी टेकत चालते तशी. घळीचा काठ आला, नाक वर झालं, आणि आम्ही कडक वाळूवर उभे होतो.

मागे आमच्या चाकोऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या.

मी उतरले. अमृत उतरायच्या आधीच त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

"आमची जेट्टी एकाने कपाटात ठेवलीय. माझे गिअर तू गोणपाटात ठेवलेस. तुझ्यात नि त्याच्यात फरक काय? बोल."

तो जीपमधून खाली उतरला. मग म्हणाला, "आत्तापर्यंत काही नव्हता." चपलेकडे न बघता, माझ्याकडे बघून. "चुकलं माझं. मोटरसायकल काढतो."

गेला. मला वाटलं, गेला तो गेला. वाणगावच्या बाजाराला मासळी धाडली, घर धुतलं, खरकटं काढलं, कान रस्त्याकडे. दुपारी दोनला आला, मांडीवर गोणपाट घेऊन. जेवला नाही. एक्सल उघडला. मी न सांगता हळद कालवून नेली. ठसा पडला – मधोमध. उन्हं उतरली तेव्हा मी कोयत्याने दांड्यावरचा दोरा कापला. दांडा ओढला. चारही चाकं एका हिशेबाने फिरली.

हात पुसत तो म्हणाला, "झालं. आता... काही काम उरलं नाही."

"नाही."

"तरी उद्या येऊ?"

"काय सांगून येशील?"

"रुपलला भेटायला आलो, असं सांगेन. तुझ्या बाबांना. सगळ्या वरोरला."

ताई नाही, बेन नाही. नुसतं रुपल. मी त्याच्या गालावरचा हळदीचा डाग अंगठ्याने पुसला. पुसला कसला, पसरला. खाटेवर बाबा उगीच खोकले.

"ये," मी म्हटलं. "पण पुन्हा काही लपवलंस तर त्याच घळीत सोडून येईन."

तो आला. रोज येतो. पोहायलाही शिकतोय, अजून बुडतो.

पण गाळ तिथेच आहे, साहेब. चारही चाकं ओढत असली तरी घळीशी माझा हात अजून दाराच्या कडीवर जातो. बाकीच्या घरांकडे तर जीपही नाही. शेजारच्या हिरूची म्हातारी आई अजून मासळीची टोपली डोक्यावर घेऊन चालत येते, आणि ती घळीपाशी आली की सगळा किनारा श्वास धरून उभा राहतो. अमृतने नऊ दिवस दाबलं, आणि ते बोलायला त्याला पाणी पायाशी यावं लागलं. पण बोलला. त्याच दिवशी आणून बसवून दिलं.

तुमची सहा वर्षं झाली. तुमच्या पायाशी पाणी कधी येणार? फाईल कपाटातून कधी काढताय – तारीख सांगा.