घरच्या पाण्याचा वास

"फिरला! हाही परत फिरला!" नाकाडी ओरडली.

पुलाच्या कठड्याला पोट टेकून तिघं भावंडं खाली बघत होती. समुद्रातून नदी चढून आलेले सॅमन मासे मावशीच्या मत्स्यबीज केंद्रापाशी यायचे, त्यांच्यासाठी बांधलेल्या पायऱ्यांच्या पाण्यात तोंड घालायचे आणि गर्रकन वळायचे. थेट नदीच्या पलीकडच्या फाट्यात! तिथे पाणी आटलेलं, नुसते दगड. एक मासा डबक्यात आडवा पडून धापा टाकत होता.

"नदीत शिरल्यापासून यांच्या पोटात कण नाही," मावशीचा मुलगा चष्मिस म्हणाला. "आज वर चढले नाहीत, तर अंड्यांसकट मरतील. आणि यंदा एकही परतला नाही, तर केंद्र बंद. साहेबांनी आईला तसं बजावलंय."

"पण त्यांना घर सापडतं कसं?" शेंडेफळ पिटुकलीने विचारलं.

"वासावरून. पिल्लं असताना ज्या ओढ्याच्या पाण्यात वाढले, त्याचा वास डोक्यात पक्का बसतो. परतताना तोच हुंगत येतात."

"माशांना नाक असतं?"

"असतं! आणि तुझ्यासारखं बारा महिने चोंदलेलं नसतं!"

नाकाडी हसली नाही. दूध उतू जाण्याआधी हिला शेजारच्या खोलीत कळायचं, म्हणून तर हे नाव. ती खाली धावली, पायरीवरचं ओंजळभर पाणी तिने नाकाशी धरलं.

"याला वासच नाही! काल ओढ्यात भिजलेले माझे मोजे बघ. कुजकी पानं, शेवाळ... अजून घमघमतायत!"

केंद्राचे फोरमनकाका कठड्याला रंग देत होते.

"पायऱ्यांवर येणारं ओढ्याचं पाणी बंद केलंय मी," ते ऐटीत म्हणाले. "साहेब येणार आज. त्यांना गढूळ पाणी दाखवू? विहिरीचं सोडलंय. कसं काचेसारखं दिसतंय!"

"पण काका, मासे परत—"

"माशांना काय, पाणी ते पाणी! पळा, लुडबुड नको."

ओढ्याच्या व्हॉल्व्हच्या खोलीची चावी खिशात टाकून काका फाटकाकडे गेले. मावशी साहेबांना आणायला गेलेली, फोन लागेना. खाली आणखी दोन मासे वळले.

"चावी नाही, पण बागेचा पाइप आहे," चष्मिस पुटपुटला. "ओढा उंचावर आहे. पाइप पाण्याने भरला की पाणी आपोआप खाली येईल!"

"पिटुकले, तू ओढ्याच्या काठाशी यायचं नाहीस. इथेच पायऱ्यांपाशी बस आणि पाइपचं तोंड तळव्याने दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही!" नाकाडीने दरडावलं.

वर चष्मिसने पाइप भरून त्याचं टोक ओढ्यात बुडवलं. त्याचा पाय निसटला! नाकाडीने त्याची कॉलर धरून ठेवली.

"सोड!"

तपकिरी धार खालच्या पायरीवर पडली. एक मासा आला... वळला. मग एक जाडजूड मादी आली. थबकली. धारेपाशी पुढे, मागे, पुन्हा पुढे...

"अरे! चिखल काय ओतताय!" काका धावत आले. मागे मावशी आणि साहेब.

"थांबा!" मावशीने हात वर केला.

सप्पकन उडी मारून मादी पायरी चढली! मागोमाग दुसरा मासा!

मावशीने काकांपुढे हात पसरला. "चावी."

व्हॉल्व्ह उघडला. घोंघावत ओढा पायऱ्यांवर कोसळला, साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत रंगली. ते मात्र माशांकडेच बघत होते. "केंद्र चालू राहील," ते म्हणाले. "आणि या तिघांना खबरदार कुणी ओरडलात तर!"

"ओरडतेय कशाला!" मावशीने तिघांना एकदम कवेत घेतलं. "आम्हा मोठ्यांना सुचलं नाही ते यांना सुचलं. ओले कपडे मात्र आधी बदला!"

"मावशी, तो डबक्यातला!" नाकाडी ओरडली.

काका तडक डबक्यात उतरले. धापा टाकणारा मासा त्यांनी ओल्या पोत्यात उचलून आणला, पायरीशी सोडला. तो कुशीवर कलला. मग त्याने तोंड ओढ्याकडे वळवलं, शेपटी एकदा हलली... आणि तो वर गेला!

काकांनी ओढ्याच्या पाण्याने भिजलेला आपला कोरा शर्ट हुंगला, नाक मुरडलं आणि हळूच म्हणाले, "नाकाडीबाई, तुमच्या मोज्यांसारखाच वास येतोय."

"काका," पिटुकली म्हणाली, "तो घराचा वास आहे!"