गोरखचा कंदील

सिद्धनाथला जिवंत बाहेर काढायचं, एवढ्यासाठी गोरख मार्गासनीहून धावत डोंगर चढून आला होता. वेल्ह्यावरच्या धनगरवाड्यालगत इंग्रजांनी पाण्यासाठी खणून अर्ध्यात सोडलेला बोगदा होता. सकाळी शेळीमागं सिद्धनाथ आत शिरला, दगड ढासळला आणि त्याचा पाय अडकला. सुटकेसाठी शहरातून माणसं निघाली होती. पण ती पोचणार संध्याकाळी! तोवर धीर कुणाला?

सिद्धनाथची बायको पारूबाई, म्हणजे गोरखची धाकटी बहीण, काठी टेकून तोंडाशीच उभी होती.

"दादा, मगाशी हाका देत हुते. आता न्हाई देत!"

गोरखनं तीस वर्षं विहिरी खणल्या होत्या. त्याचा नेम एकच. आधी कंदील आत, मग माणूस. ज्योत मंदावली की हवा खराब! त्यानं बांबूच्या टोकाला कंदील बांधला, कमरेला दोर आवळला आणि वाकून आत शिरला. मागोमाग दोर धरून पारू. पायाखाली कुजक्या पाल्याचा राडा. दहा पावलं. वीस. ज्योत मंदावायची सोडून उलट लांब झाली!

"बघ पारू, कशी झ्याक जळतीया! हवा बेस हाय!"

"थांब दादा! काठी घातली की चिखलातनं बुडबुडं येत्यात. आमच्या डबक्यावर असंच येत्यात, काडी लावली की भक्कन पेटतंय!"

"हवेचं मला नको शिकवू!" गोरख खेकसला आणि त्यानं बांबू पुढं सरकवला.

धडाम्!

निळा जाळ छत चाटत गेला. गोरख उताणा पडला. भुवया जळाल्या, कानात नुसती शिट्टी! पारूनं त्याला फरफटत उजेडात आणलं.

"म्या मारलं दाजींना! ह्या हातांनी मारलं!" तो ऊर बडवू लागला.

"गप!" पारूनं कान लावला. आतून टक... टक... कुणीतरी दगड आपटत होतं!

गोरख उठला, पण आत धूर कोंदला होता. आता शिरलं तर आपणही आडवे होऊ, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोघांनी घोंगडं धरून वारा घालायला सुरुवात केली. खांदे भरून आले. टकटक मंदावली. धूर विरळला तसा गोरख पहार घेऊन घुसला. दिवा नाही, काडी नाही, नुसती भिंत चाचपत! वळणाआडच्या कोनाड्यात हाताला दाढी लागली, आणि ती हलली!

"शेळी... अजून आत हाय," सिद्धनाथ पुटपुटला.

"ऱ्हाऊ द्या तिला, दाजी!"

पहारीनं दगड उचकटला. दोर ताणला. पारूनं ओढलं.

बाहेर उन्हात सिद्धनाथ घटाघटा पाणी प्यायला. गोरख भाजलेले हात मांडीवर ठेवून बसला होता. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलंही नाही.

"पारू, फुडच्या हिरीवर तू चल. आदी तुजी काठी, मग म्या."

"येते की," पारू म्हणाली. "पर म्या बोलले की खेकसायचं न्हाई."