भिंगरीच्या रेघा

दार लोटून घ्या आणि ते मोबाईल खिशात घाला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर जमणार नाही. हे गाडीवरच्या माझ्या जुन्या जोडीदाराच्या बाबतीत घडलंय, त्या दाढीवाल्या ड्रायव्हरच्या. तो थापा मारत नाही. त्याला धड मारताच येत नाहीत.

गेल्या वर्षी तो एका रॉक बँडची बस चालवत होता. चाळीस रात्री, चाळीस गावं. आत झोपायचे कप्पे, मागे ड्रम आणि स्पीकरच्या पेट्या. माणसं आठ, आणि नववी ड्रमवाल्याची सात वर्षांची पोर. आई परगावी नोकरीला, म्हणून बापाबरोबर. एका जागी ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. कार्यक्रम चालू असला की कानांवर आवाज अडवायचे जाड डबे लावून स्टेजमागे अभ्यास करायची. रोज झोपताना कप्प्याच्या फळीवर हिरव्या पेनानं एक रेघ ओढायची. चाळीस झाल्या की घर.

"काका, माझ्याशी खेळायला कोणीच नाही हो," एवढीच तिची तक्रार.

बसचा एक नियम होता. एकदा गिटारवाला अर्ध्या चड्डीत पेट्रोल पंपावर मागे राहिला होता. तेव्हापासून निघण्याआधी प्रत्येकानं पडल्या पडल्या आपला आकडा ओरडायचा. नऊ ऐकल्याशिवाय गाडी हलायची नाही.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. गाणाऱ्या बाईच्या घशासाठी गरम पाणी हवं होतं, म्हणून दाढीवाल्यानं एका पंपावर बस थांबवली. थर्मास भरून आणला. आतले दिवे बंदच होते. एक, दोन, तीन... झोपाळलेले आवाज. आठ म्हणजे बाप, जांभई देत. मग मागून, बारीक आवाजात, "नऊ."

निघाले.

वीस मिनिटांनी दाढीवाल्याचा फोन वाजला. पंपावरचा माणूस. "साहेब, तुमची मुलगी इथे बसलीय. गळ्यातल्या पासावर तुमचा नंबर आहे."

ब्रेक. दिवे. भिंगरीचा कप्पा रिकामा. पांघरूण मात्र... गरम.

बापाकडे बघवत नव्हतं. "मी ऐकलं," एवढंच म्हणत होता. "तिचाच आवाज होता. मी ऐकलं."

सगळ्यांनीच ऐकलं होतं. कोणी कोणाकडे बघेना.

परत आले तर पोर बाकावर पाय हलवत बसलेली. बापानं उचललं, रडला, रागावला, सगळं एकदम.

"मी बाथरूमला गेले होते," ती म्हणाली. "आले तर बस चालली होती. मी किती हाका मारल्या! ती मागच्या काचेतून नुसता हात हलवत होती."

"ती कोण?"

पोरीनं बसच्या मागच्या काचेकडे बोट दाखवलं.

बापानं त्या बसमध्ये पुन्हा पाऊल ठेवलं नाही. पहाटेच्या पहिल्या गाडीनं पोरीला घेऊन घरी गेला. दप्तर, पेन, कानाचे डबे, सगळं घेऊन. फळीवर तेवढ्या बावीस रेघा राहिल्या. दाढीवाल्यानं मोजल्या होत्या.

नवा ड्रमवाला आला. आकडे आता आठपर्यंतच. आठ झाले की दाढीवाला उगाच जरा थांबायचा... काही नाही. मग गिअर टाकायचा. त्या कप्प्यात मात्र कोणी झोपेना. पडदा ओढलेलाच राहिला.

चाळिसावी रात्र झाली. सगळे आपापल्या घरी गेले. बस गॅरेजला लागली. कुलूप घातलं, किल्ली दाढीवाल्याच्या खिशात. एक रात्र मधे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच बस झाडायला गेला.

पडदा सारला.

बावीस रेघा. त्यांच्यापुढे आणखी. जरा खाली. जरा वाकड्या. हिरव्याच.

मोजल्या. एक्केचाळीस.

चाळीस झाल्या की घर, असं ठरलं होतं ना... मला सांगताना त्याचे डोळे भरले, पोरांनो. म्हणाला, भीती नंतर वाटली. आधी वाईट वाटलं. हिला न्यायला कोणीच आलं नाही.

त्यानं शेवटच्या रेघेवर बोट ठेवलं.

ओली होती.