अक्काताईंचा निळा

रायगोंडा मगदुमांच्या नातवाचं बारसं झालं ते साल दोन हजार एकाहत्तर. गडहिंग्लजला तेव्हा घरोघरी साक्षीमासे होते. बाळाला पाळण्यात घालण्याआधी त्याचा तळवा माशांच्या टाकीत बुडवायची रीत पडून गेली होती. अक्काताईंनी नातवाची मूठ आपल्या हातात धरून पाण्याला लावली. मासे जवळ आले, हुंगून गेले. शेपट्या होत्या तशाच राहिल्या. बायका म्हणाल्या, पोर खणखणीत आहे. मग पाळणा म्हटला गेला.

साक्षीमासा म्हणजे आपला साधा गप्पी मासाच, पूर्वी डास मारायला नगरपालिका वाटायची तो. माणसाच्या कातडीतून सतत काही ना काही झरत असतं. प्रत्येक आजाराचा त्यात आपला एक वास असतो. कुत्र्याला तो कळतो, माणसाला कळत नाही. आई-बापाकडून पिलात जे उतरतं त्याला बीज म्हणू. शास्त्रज्ञांनी गप्पीच्या बीजात एक कळ बसवली होती. पाण्यात आजाराचा वास आला की ती कळ दाबली जायची आणि नराच्या शेपटीतल्या रंगाच्या बारीक पिशव्या उघडायच्या. साखर वाढली की तांबडा, काविळीला पिवळा, मूत्रपिंडं थकली की काळा. हात निरोगी असेल तर शेपटी काचेसारखी, आरपार दिसणारी.

निळा रंग कुणी बसवलेला नव्हता. तो रायगोंडांनी आणला.

पिठाची गिरणी मुलाकडं सोपवल्यापासून त्यांना या माशांचं वेड लागलं होतं. एका नराच्या शेपटीच्या कडेला त्यांना निळी झाक दिसली, आभाळ ओल्या फरशीवर दिसावं तेवढीच. त्यांनी तो नर वेगळा काढला. कोवळ्या माद्या नराची ओळख व्हायच्या आत बाजूला ठेवल्या, त्यांच्याशी जोडी लावली. पिलं महिन्याभरात व्हायची. त्यातला सगळ्यात निळा पुन्हा निवडायचा. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. बाकीचे शौकीन बिनरंगी पिलं टाकून देत. रायगोंडांच्या जैन घरात ते चालणार नव्हतं, म्हणून नाकारलेली सगळी घरामागच्या परड्यातल्या दगडी हौदात सुखानं पोहत होती.

निवड त्यांची, पण पाण्याचं काम अक्काताईंचं. रायगोंडांना तंबाखूची सवय होती, आणि तंबाखूचं बोट पाण्याला लागलं तर मासे मरतात. अक्काताई रोज काचा पुसत, तळाचा गाळ काढत, ताजं पाणी घालत. अलीकडं त्यांना दम लागायचा. बारशापर्यंत मागच्या खोलीत टाक्यांची रांग लागली होती. दुपारी खिडकीतून ऊन आलं की त्या सगळ्या शेपट्या एकदम हलत आणि भिंतीवर निळं पाणी चढल्यासारखं वाटायचं. त्या खोलीत बोलताना माणसं आपोआप हळू बोलत.

बारशाला आलेल्या प्रत्येक घराला रायगोंडांनी एकेक जोडी भेट दिली. तिथंच घोटाळा झाला. महिना भरायच्या आत सगळ्यांच्या घरचे निळे मासे काचेसारखे झाले. निपाणीच्या व्याह्यांनी फोन करून विचारलं, रंग लावून दिला होता की काय. रायगोंडांचा जीव पाण्यापेक्षा पातळ झाला. इचलकरंजीच्या प्रदर्शनात ते हा नवा वाण मांडणार होते. वाण म्हणजे रंग बीजात उतरला पाहिजे, घर बदललं म्हणून उडून जाऊन कसं चालेल? पाण्याचा खारटपणा, ऊन, खाणं, सगळं त्यांनी तपासलं. शेवटी त्यांनी कोल्हापूरच्या मत्स्यबीज केंद्रातल्या डॉक्टर मुनीरा बागवान यांना बोलावून घेतलं.

मुनीरा आल्या त्या व्याह्यांकडचा रंग गेलेला नर बरणीत घेऊनच. मागच्या खोलीत त्या टाक्यांच्या रांगेवरून एकदा फिरल्या. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली, या टाक्यांत हात कुणाचा असतो?

अक्काताईंनी पदराला हात पुसत सांगितलं, "माझाच. ह्यांच्या हाताला तंबाखू. माशांनी ह्यांना वाळीत टाकलंय."

मुनीरांनी त्यांना बरणीत हात घालायला सांगितला. सून त्रिशला चहा ठेवायला गेली. चहा उकळून कपात येईपर्यंत काही झालं नाही. मग शेपटीच्या मुळाशी एक ठिपका उमटला, शाई टिपकागदात पसरावी तसा पसरत गेला, आणि बघता बघता सगळी शेपटी निळी झाली.

रायगोंडांचा चेहरा उजळला. "बघा, उतरला की नाही रंग!" ते म्हणाले.

मुनीरांनी बरणी बाजूला ठेवली. चहा थंड झाला तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. माशांत रंग उतरलेला नव्हता. उतरली होती ती रंग दाखवायची ताकद, आणि रंग अक्काताईंच्या हातातून येत होता. रक्त जिथं तयार होतं त्या मज्जेत म्हातारपणी एक सावकाश वाढणारा बिघाड होतो. तो लागण होऊन येत नाही, अनेकांत आपसूक येतो, आणि तपासण्यांना फार उशिरा सापडतो. त्याला अजून औषध नव्हतं, म्हणून साक्षीमाशांत त्याची कळ कुणी बसवलीच नव्हती. पहिल्या त्या नराला निसर्गानं ती चुकून दिली. रायगोंडांनी दर पिढीला सगळ्यात निळा निवडून तिला धार लावली.

"काका, वाण खराच आहे," मुनीरा म्हणाल्या. "फक्त तुम्ही समजता त्याचा नाही."

रायगोंडा टाकीकडं पाहत राहिले. रंग वर्षागणिक गडद का होत गेला ते आता त्यांना कळलं होतं. अक्काताई नवऱ्याकडं वळल्या.

"लग्नापासनं कधी माझ्याकडं एवढं टक लावून बघितलं न्हाईसा. आणि बघितलं ते असं."

कुणी हसलं नाही, म्हणून त्याच हसल्या.

मुनीरांना हा वाण हवा होता. हे मासे हाताशी असले तर आजार सुरुवातीलाच पकडता येणार होता, आणि सुरुवातीला पकडला की त्याच्यावर औषध शोधता येणार होतं. पण वाण पक्का व्हायला आणखी काही पिढ्या लागणार, आणि निवड करायची तर पाण्यात अक्काताईंचाच हात हवा. रायगोंडा नको म्हणाले. टाक्या फोडून टाकतो म्हणाले. अक्काताईंनी नवऱ्याला सांगितलं, माझा हात आहे, मी ठरवीन.

त्या पाणी घालत राहिल्या, उभं राहवत होतं तोवर उभ्यानं, मग खुर्चीवर बसून. रायगोंडा शेजारी बसून निवडत. दर पिढीला निळा अधिक गहिरा होत होता आणि दर पिढीला त्यांची नजर आधी माशावर जात होती, मग बायकोवर. हे त्यांना कळत होतं. तिलाही कळत होतं. शेवटी शेवटी ती स्वतःच बोट दाखवून म्हणायची, "तो घ्या. तो जास्त आहे."

केंद्रानं वाणाला तिचं नाव दिलं. ती गेल्यावर टाक्यांतला निळा हळूहळू विरला. मासे जिवंत होते, नुसते काच झाले होते. रायगोंडांना ते बघवेना. त्यांनी सगळे हौदात सोडले, जुन्या नाकारलेल्यांमध्ये. तंबाखूही सोडली. आता सोडून काय उपयोग, असं त्रिशला मनात म्हणाली.

पुढं औषध निघालं. अक्काताईंचा निळा घरोघरी गेला, आणि शेपटी निळी दिसली की माणसं दवाखान्यात जाऊन महिनाभर गोळ्या घेत. रंग उतरायचा, माणूस उरायचा.

एका सकाळी रायगोंडा हौदाचं शेवाळ काढत होते. बाह्या वर करून हात कोपरापर्यंत पाण्यात होते. शेवाळाखालून एक मासा वर आला. मग दुसरा. परड्यात जास्वंदीच्या सावलीत सगळा हौद हळूहळू निळा झाला, नाकारलेल्यांच्या शेपट्यांवरही फिकट निळं उमटलं. रायगोंडांना आधी आनंद झाला. ती आली, असं त्यांना वाटलं. आपलाच हात पाण्यात आहे हे त्यांच्या नंतर लक्षात आलं, आणि तरी त्यांनी तो काढला नाही.

त्रिशला धुणं घेऊन बाहेर आली आणि जागीच थांबली. "मामंजी, हे कशानं? हात कुणी घातला?"

"कुणी न्हाई," रायगोंडा म्हणाले. तिची चाहूल लागताच हात त्यांनी धोतराला पुसून कोरडे केले होते. "जुना वाण आहे, पोरी. कधी कधी रंग रक्तातच उतरतो."

माशांतलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तिनं विश्वास ठेवला. त्यानंतर ते रोज दुपारी, ती झोपली की, हौदाच्या काठावर बसत आणि पाण्यात हात सोडत.

अक्काताई मगदूम दोन हजार त्र्याहत्तरच्या भाद्रपदात वारल्या. रायगोंडा मगदूम दोन हजार एक्क्याऐंशीच्या चैत्रात वारले. औषध तेव्हा गडहिंग्लजच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होतं.