वळखलं का, आक्का?

सोनईत माणूस आजारी पडला की लोक बघायला येतात, केळी आणतात आणि ह्याच आजाराने आपल्या माहितीतला कोण गेला ते सांगून उठतात. गीताबाईंच्या बाबतीत ही सोय नव्हती. त्यांना ताप नव्हता, खोकला नव्हता. त्या नुसत्या विसरत चालल्या होत्या. तेव्हा लोकांनी बघायला येण्याची नवी रीत काढली. खाटेसमोर बसायचं, तोंड जवळ न्यायचं आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडायचं, "आक्का, वळखलं का?"

लोकांचाही दोष नव्हता. गीताबाई सरकारी दवाखान्यात आया होत्या. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलं होतं, आणि पाठमोऱ्या माणसालाही त्या बापाच्या नावानिशी हाक मारत. अशा बाईने आपल्याला विसरू नये, असं प्रत्येकाला वाटे. दुसऱ्याला विसरलेलं बघायला मिळालं, तर तेही चालत असे.

त्यांचा मुलगा सम्राट श्रीरामपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. दर रविवारी एसटीने यायचा, आईची नाडी बघायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. नाडीतलं त्याला काही कळत नसे, पण हात धरायला निमित्त लागतं. बाकीचे दिवस आणि सगळ्या रात्री त्याची धाकटी बहीण यशोधरा बघायची. नवऱ्याने सोडल्यापासून ती इथेच होती. आईला न्हाऊ घालायचं, भरवायचं, ओली लुगडी धुवायची, दार उघडून कुठे निघून गेली की शोधून आणायचं. आई तिला यशू म्हणे, गाव तिला गीताक्काची लेक म्हणे. तिसरी ओळख कमवायला तिला सवड मिळाली नव्हती.

सत्त्याण्णव साली मेंदूच्या एका आजारावरच्या संशोधनाला परदेशात मोठं पारितोषिक मिळालं आणि इकडे तालुक्या-तालुक्यांतून सम्राटला व्याख्यानांची आमंत्रणं येऊ लागली. तो खिशातून रुमाल काढून घडी घालून दाखवी. "हा जंतू नाही. ह्यात जीवसुद्धा नाही. साधं प्रथिन आहे, फक्त घडी चुकलेली. पण ते शेजारच्या धडधाकट प्रथिनाला नुसतं टेकलं, की त्याचीही घडी तशीच चुकते. मग त्याच्या शेजारच्याची." टाळ्या पडत. एखादा विचारी, "सर, आपल्या मातोश्रींना हेच का?" त्यावर सम्राट समंजसपणे मान हलवी. "नाही. तो आजार वेगळा. तो लागत नाही."

दिवाळीनंतर शेजारच्या बायडाबाईंनी परीक्षा घेतली.

गीताबाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "न्हाई बाई. कुठली तू?"

"घ्या! माझी तिन्ही बाळंतपणं हिनंच केली, अन् मलाच इचारती कुठली तू!" बायडाबाई पोट धरून हसल्या. सगळेच हसले.

पुढच्या रविवारी बायडाबाई स्टँडवर बसलेल्या दिसल्या. शेजारी पिशवी. सम्राटने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गिरणीवाला म्हनला, कोन्या गावच्या पावण्या? म्हटलं, चेष्टा करतोय मेला. घरी आले तर सुनंनं बी तेच इचारलं. पाट दिला, पानी दिलं, च्या केला. लई चांगली हाय वो सून. माझ्याशी अशी कधी वागली न्हवती."

"भांडलात का?"

"पावण्याशी कुनी भांडतं व्हय?"

त्यांचा आवाज खाली गेला. "पोरगा म्हनला, म्हातारे, अंधार पडायच्या आत जा."

सासू-सुनांत विज्ञानाने पडू नये, असं ठरवून सम्राट घरी आला.

मग कारभारी. हे माजी सरपंच. कुठल्याही लग्नात आमंत्रणाशिवाय पहिल्या पंगतीला बसायचा त्यांचा मान होता. गीताबाईंनी त्यांनाही ओळखलं नाही. आठवड्याभरात सोसायटीच्या शिपायाने त्यांना बाकावर बसवून ठेवलं, आणि त्यांच्याच कार्यकर्त्याने त्यांना हात जोडून, मतदान करा, असं सांगितलं. पुढाऱ्याचं असं होतंच, म्हणून गाव हसलं. पण त्यांच्याच वस्तीवर त्यांचंच कुत्रं त्यांना आत येऊ देईना, तेव्हा हसायला कोणी राहिलं नव्हतं. कारण कोण कारभारी, हे कोणाला नीटसं आठवत नव्हतं.

"आधी गल्ली इसरती," यशोधरा म्हणाली. "मग घरातले. मग गाव. दादा, तूच सांगतो ना ते टेकायचं?"

"ते प्रथिनाचं, यशू. माणसांचं नाही."

"मी आजवर एकदा बी इचारलं न्हाई तिला."

सम्राट हसला, पण थोडक्यातच. पुण्याच्या एका संशोधन संस्थेला खेड्यातले असे रोगी हवे होते. आईला ठरावीक प्रश्न विचारून उत्तरं पाठवली, की इंग्रजी निबंधावर त्याचं नाव येणार होतं. कॉलेजातल्या कोणाचंच तसं आलं नव्हतं. शेवटचा प्रश्न असा होता: घरातल्या एका व्यक्तीकडे बोट दाखवून, ही कोण, असं विचारा.

पौषातल्या एका रविवारी दुपारी तो खाटेसमोर बसला. साल कोणतं? आईने काँग्रेसचं, म्हणून सांगितलं. गाव कोणतं? बरोबर आलं. शंभरातून सात गेले किती? आई लाजून हसली.

"आता बास कर," यशोधरा दारातून म्हणाली. तिच्या हातात आईचं ओलं लुगडं होतं.

"एकच राहिलाय."

"मग सोताचं इचार. मी कोण, म्हण."

सम्राटने तोंड उघडलं. आई त्याच्याकडे बघत होती. डोळे स्वच्छ होते, धुऊन ठेवल्यासारखे.

त्याने कागदावरचा प्रश्न पुन्हा वाचला.

असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. विश्वास नसलेल्या माणसाने काहीही विचारायला हरकत नाही. तसंच त्याने विचारलं. फक्त बोट वळलं.

"आई, ही कोण?"

"दादा," यशोधरा म्हणाली.

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. खिडकीची काच थरथरली, थांबली.

गीताबाईंनी यशोधरेकडे पाहिलं. पायापासून वर, सावकाश.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "कोन हाय ही?"

यशोधरेने लुगडं पिळलं आणि दोरीवर टाकलं.

उत्तरं पुण्याला गेली. पुढचे रविवार व्याख्यानांत गेले. कोल्हारला तर शाल मिळाली. सम्राट पुन्हा सोनईला आला तेव्हा उन्हं तापायला लागली होती.

दार एका बाईने उघडलं.

घर झाडलेलं होतं. आई न्हाऊन, वेणी घालून खाटेवर बसली होती. बाई ठेवायचं आपण कधी ठरवलं, ते सम्राटला आठवेना. घाईगर्दीत कोणाला तरी सांगून ठेवलं असणार. इतक्या धावपळीतही आपण आईची व्यवस्था केली, ह्याचं त्याला बरं वाटलं. कामाच्या माणसांशी तो नेहमीच नीट बोले.

"बाई, तुमचं गाव कोणतं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"हेच," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

त्याने आईचा हात धरला. नाडी चालू होती.

"सम्राट, यशू आली का रे शाळेतनं?" आईने विचारलं. "भूक लागली आसंल तिला."

सम्राटने मनातल्या मनात नातेवाइकांत शोधून पाहिलं, शेजारपाजारी शोधून पाहिलं. ह्या आजारात रोगी अस्तित्वात नसलेल्या माणसांबद्दलही बोलतात, हे तो व्याख्यानात सांगत असे. त्याने आईच्या हातावर थोपटलं.

"कोण यशू, आई?"

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.