उत्तरेची तिसरी खिडकी

थोरल्या बंगल्याची धाकटी नात किल्ली घेऊन आली, तर दार सताड उघडं! शिडीवर एक सुतार खिडक्यांवर हिवाळ्यापुरत्या बसवलेल्या फळ्या उतरवत होता.

"कोण तुम्ही?"

"दरवर्षीचा. तुम्ही कोण?"

आपल्याला न ओळखणारा माणूस तिला तेवीस वर्षांत पहिल्यांदा भेटला… आणि आवडला.

शहराबाहेरच्या त्या तळ्याकाठी मंडळी उन्हाळ्यापुरती राहायला येत. तिथलं पहिलं घर आपलं, असं आजोबा सांगत. आता फाटकावर दगड बसणार होता : 'येथील पहिले उन्हाळी रहिवासी'. त्यासाठी जुने कागद शोधायला तिला धाडलं होतं. कागद तीन दिवसांत संपले. ती राहिली.

"बडा घर पोकळ वासा म्हणतात," तो चिडवायचा, "पण तुमचे वासे मी ठोकून पाहिलेत. भरीव आहेत."

"आणि माणसं?"

"ती ठोकून पाहायची माझी प्राज्ञा नाही. सुतार आणि थोरला बंगला… सांधा बसायचा नाही, बाईसाहेब."

आठव्या दिवशी त्यानं माळ्यावरच्या बंद खोलीची फळी काढली. वर्षानुवर्षं कुणी न काढलेली. ती उलटून त्यानं उजेडात धरली.

"काय आहे? दाखवा ना."

फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'उत्तरेची तिसरी. घट्ट बसते.' खाली तिच्या पणजोबांची सही, आणि तीन टोकांची ती खूण… घराण्याचा मुकुट म्हणून फाटकावर, चमच्यांवर, आजोबांच्या अंगठीवर मिरवणारी.

"हा मुकुट नाही," तो हळूच म्हणाला. "आम्ही सुतार ही खूण करतो. अर्थ एवढाच, की ही बाजू वर."

पणजोबा इथे हवा खायला आले नव्हते. फळ्या बसवायला आले होते.

त्यानं रंधा उचलला. "एक हात मारतो. कुणाला कळायचं नाही."

ती बघत राहिली. जी खूण त्याला तिच्या बरोबरीला आणत होती, तीच हा शहाणा पुसायला निघाला होता! तिनं त्याचं मनगट धरलं… आणि सोडलं नाही.

रविवारी आजोबा आले. तिनं फळी त्यांच्यापुढे ठेवली. "आजोबा, दगडावर 'पहिले सुतार' लिहा. आणि दुसऱ्या सुताराला आत बोलवा. मला त्याच्याशी लग्न करायचंय."

आजोबांनी अंगठी काढली, खुणेशेजारी ठेवली. मग त्यांनी वडिलांच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि दाराशी उभ्या असलेल्या त्याला विचारलं,

"काय रे, अजून घट्ट बसते?"

"बसते," तो म्हणाला. पण तो फळीकडे बघत नव्हता.