तानूबाईंचा डबा

रोजचे दोन डबे भरताना वत्सलाबाईंच्या मनात हल्ली एकच विचार यायचा: आता पुरे. गुडघा धड वाकत नव्हता, ओट्याशी उभं राहून कंबर मोडायची. मंडळीच्या महिला संघात नावं सोळा बायकांची, पण उन्हातान्हात फिरायचं कुणी, तर वत्सलाबाईंनी. बाकीच्या सकाळी सहाला व्हॉट्सॅपवर हात जोडलेली चित्रं पाठवायच्या. तेवढं मात्र न चुकता हो!

हुबळीतली ही मराठी ख्रिस्ती मंडळी लहानशीच, पण तिची रीत जुनी. कुणी अंथरुणाला खिळलं की संघातून डबा जायचा. डबा ठेवून पळायचं नाही. शेजारी बसून भरवायचं, एक स्तोत्र वाचायचं. आणि निघताना त्या आजारी माणसानं डबा आणणारीचा हात धरून विचारायचं, "तुझ्यासाठी काय मागू?" ती सांगेल ते त्यानं मोठ्यानं देवाकडे मागायचं. घेणाऱ्याला ओशाळं वाटू नये म्हणून कुण्या शहाण्या पाळकानं घालून दिलेली पद्धत असणार.

दुर्गदबैलच्या बाजारामागे, हार्डवेअरच्या दुकानांमधून आत शिरणाऱ्या बोळात तानूबाई राहत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, मूलबाळ नाही, जन्मभर दवाखान्यात आया म्हणून राबलेल्या. नजर अजून पक्की होती, पण अन्नावरची वासना उडाली होती. चार घास उतरायचे ते वत्सलाबाईंच्या हातून. दुसरी कुणी गेली की तोंड मिटून भिंतीकडे वळायच्या. म्हणून तर हे काम सुटत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, नवरा गेल्यापासून वत्सलाबाईंची वाट बघणारं जगात दुसरं कुणी उरलंही नव्हतं.

मार्चमधल्या एका सोमवारी तानूबाईंनी हात धरला. "काय मागू गं तुला?"

डबे नेऊ लागल्यापासून अकरा वर्षं वत्सलाबाई 'सगळ्यांना आरोग्य मागा' म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "मला विसावा मागा, तानूबाई. माझ्या जागी दुसरं कुणीतरी पाठव म्हणावं. जीव मेटाकुटीला आलाय बघा."

"मग माझं काय?"

"तुमचंही तीच बघेल की."

तानूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला. मग डोळे मिटून त्यांनी ते मागितलं, अगदी शब्दन्‌शब्द.

दुसऱ्या दिवशी अकराला वत्सलाबाई चिगरी बसनं विद्यानगरला, देवदान मास्तरांकडे पोचल्या. मास्तरांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचा डबा सुरू होता. सुनेनं, दीपश्रीनं दार उघडलं.

"काय विसरलात, अक्का?"

"विसरू कशाला? डबा आणलाय."

"चेष्टा करताय होय? आत्ताच तर मामंजींना भरवून गेलात की!"

मास्तरांना विसर पडायचा, पण दीपश्री बँकेत नोकरी करणारी, चोख बाई. वत्सलाबाई आत गेल्या. मास्तर उशीला टेकून बसले होते. दाढी झालेली, नखं कापलेली. दोन महिने वत्सलाबाई म्हणत होत्या, मास्तरांची नखं कापायला हवीत. राहूनच जात होतं.

मोरीपाशी एक डबा घासून उपडा घातला होता. झाकणावर वत्सलाबाईंच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं. त्यांनी हातातला डबा वर केला. त्यावरही तेच नाव, तोच 'र' जरासा वाकडा.

"पाणी देऊ, अक्का? घाम फुटलाय तुम्हाला."

"नको," म्हणून त्या निघाल्या. दोन्ही डबे तिथंच राहिले.

गुरुवारी पाळकसाहेबांचा फोन आला. "कालच्या प्रार्थनेला काय सुरेख बोललात, वत्सलाबाई! पाय कसा आहे विचारायला मागं आलो, तर तुम्ही भराभर जिना चढून गेलात पण."

काल संध्याकाळी वत्सलाबाई गुडघ्याला शेक देत घरीच पडल्या होत्या. ते न सांगताच त्यांनी फोन ठेवून दिला. सांगणार काय? भीती तर वाटतच होती. पण त्या भीतीखाली, लाज वाटावी असं काहीतरी होतं. सुटल्यासारखं वाटत होतं त्यांना. त्या दुपारी त्या झोपल्या, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

ठीक आहे, मास्तर त्या दुसरीचे. मंडळीही तिची. तानूबाई मात्र माझ्या, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं. तानूबाई अजून त्यांचीच वाट बघत होत्या, त्यांच्याच हातून खात होत्या.

शनिवारी तानूबाईंनी दुसऱ्याच घासाला हात बाजूला सारला.

"तुझा हात गार लागतोय गं आत्ता. सकाळी कसा ऊन होता."

"सकाळी मी कुठं आले होते?"

तानूबाई हसल्या. "बघा, मलाच म्हातारी म्हणतात!"

रविवारी वत्सलाबाई उपासनेला गेल्या नाहीत. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सोमवारी पहाटेच उठून त्यांनी मऊ खिमट केलं, तूप घातलं. साडेसातला त्या दुर्गदबैलात रिक्षातून उतरल्या. दुकानांची शटरं अजून बंद होती. गुडघा ठणकत होता तरी त्या जवळजवळ पळत बोळात शिरल्या.

तानूबाईंचं दार वर्षभर नुसतं लोटलेलं असायचं. उठून कडी लावणं त्यांच्यानं होत नव्हतं.

आज आतून कडी होती.

तुपाचा वास येत होता. ताटलीवर चमचा वाजत होता.

"आणखी वाढ गं," आतून तानूबाई म्हणाल्या. वर्षभरात त्यांच्या तोंडी हे आलं नव्हतं.

वत्सलाबाईंनी दार वाजवलं. "तानूबाई, मी आलेय. वत्सला."

चमचा थांबला.

त्यांनी पुन्हा वाजवलं, दोन्ही हातांनी. डबा खाली पडला, खिमट पायरीवर सांडलं.

"दारात कोण आहे गं, वत्सला?" तानूबाईंनी विचारलं.

आतून पावलं दाराशी आली. सारखी पडणारी, न लंगडणारी पावलं. पलीकडे कुणीतरी थांबलं. एका फळीचं अंतर.

मग वत्सलाबाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्यात शीण मुळीच नव्हता.

"कुणी नाही हो, तानूबाई. तुम्ही जेवा."

आणि तानूबाई जेवू लागल्या.